खिडकीजवळची खुर्ची

७ जानेवारी, मंगळवार

आज सर मला 'खिडकी' म्हणाले.

खिडकी मी नव्हे. मी खांब! सरांना वर्गातल्या कुणाचं नाव कधी पाठ झालं नाही. भूमिती तोंडपाठ, माणसं नाहीत. ज्याची त्याची ओळख बाकावरून. खिडकीजवळ बसायची ती खिडकी, मधल्या खांबाला टेकून बसणारी मी खांब, भिंतीवरच्या घड्याळाखाली बसायचा तो घड्याळ. शाळा सोडून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या तुकडीत अजून हीच नावं चालतात. घड्याळ आता माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष आहे आणि एकाही सभेला वेळेवर येत नाही. मी चिटणीस. म्हणजे कामं माझी, भाषणं त्याची.

सोबतीचा तक्ता मीच केला. सरांची किडनी थकली आहे, अंथरुणाला खिळलेत. घरात त्यांची धाकटी बहीण एकटीच. सगळे त्यांना ताई म्हणतात, त्यांनीही सत्तरी ओलांडली. म्हणून रोज चार ते सहा एक माजी विद्यार्थी आणि जोडीला नववीतलं एक मूल. मुलांना शाळेत वर्षाला चाळीस सेवातास भरावे लागतात, ते भरतात. ताईंना दोन तास पाठ टेकायला मिळते. सगळे वार भराभर भरले. मंगळवारला कुणी मिळेना. आणि मंगळवारी दुपारनंतर माझं औषधांचं दुकान बंद! टाळायला कारणच उरलं नाही.

पाहुण्याची खुर्ची खिडकीला लागून आहे. मी बसले. सरांनी डोळे उघडले, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "आलीस का खिडकी?"

ताई कानाशी लागल्या — "हल्ली गोंधळतो गं तो. मनावर घेऊ नकोस."

नाही घेतलं, असं म्हटलं. घरी येऊन पोळ्या लाटल्या, त्यातल्या दोन करपवल्या.

८ जानेवारी

इथे तरी लिहावं. छत्तीस वर्षांत कुठेच लिहिलं नाही. यांनाही कधी सांगितलं नाही.

नववीची सहामाही, भूमितीचा पेपर. खिडकीचे डोळे आले होते, उन्हाने पाणी गळत होतं. 'आजच्या पेपरापुरती जागा बदलू या का गं?' म्हणाली. मी बदलली. वर्गावर नवखे पाहुणे शिक्षक होते, त्यांना काय कळणार! खिशात चिठ्ठी होती माझ्या. तीन प्रमेयं, बारीक अक्षरात. खिडकीच्या बाकाच्या कप्प्यात सरकवली — आणि घाबरून एकदाही उघडली नाही. सगळं येतच होतं मला. पेपर संपला, आम्ही आपापल्या जागी आलो. चिठ्ठी कप्प्यातच राहिली.

संध्याकाळी सरांनी बाकं तपासली. खिडकीचं बाक, म्हणून खिडकीची चिठ्ठी. दुसऱ्या दिवशी तिला वर्गासमोर उभं केलं. ती एक शब्द बोलली नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही — वाट बघत. आता ही उठेल, आता सांगेल, असं. मी कंपासचं टोक वहीत रुतवत बसले. आरपार चौदा पानांना भोक पडलं होतं. नंतर मोजली.

तिला वसतिगृहातली जागा चांगल्या वागणुकीच्या अटीवर मिळाली होती. आठवड्याच्या आत गेली. पेटी न्यायला तिचे वडील आले होते. पायऱ्यांपाशी त्यांनी मला विचारलं, "बाळ, ऑफिस कुठे गं?"

मी नीट दाखवलं. डावीकडे, मग सरळ.

१४ जानेवारी, मंगळवार

माझ्या वाट्याला आलेली नववीतली मुलगी म्हणजे एक चष्मिस आहे. भारी चिकित्सक! तिच्या सेवावहीत पाच रकाने आहेत — तारीख, तास, काय केलं, आज काय शिकले, आणि प्रमुखांची सही. मी प्रमुख. तिने मला विचारलं, "काकू, रोज काही ना काही शिकायलाच लागतं का? एखाद्या दिवशी नाही शिकलं तर?" म्हटलं, तर तसं लिही.

आज सर मध्येच म्हणाले, "खिडकी, तुला मी काढलं. चुकलं माझं."

चष्मिस माझ्याकडे बघतेय. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "असू द्या, सर."

असू द्या! माफ करणारी मी कोण? दुसऱ्याच्या नावावर आलेलं पार्सल सही करून घेतल्यासारखं झालं ते. मी उठून स्वयंपाकघरात गेले. ताईंनी गोळ्यांची डबी आणून ठेवली होती, सात कप्प्यांची. आठवड्याच्या गोळ्या भरून देणं हे काम मी आपणहून घेतलंय. हात कशात तरी गुंततात. अर्धा तास तरी जातो.

२१ जानेवारी, मंगळवार

गोंधळतात म्हणे. चष्मिसने गणित सोडवून दाखवलं, तर सरांनी न बघता, नुसतं ऐकून चूक पकडली. "कंस कुठे गेला? खाल्लास?" डॉक्टरांना मात्र 'दार' म्हणतात. डॉक्टर दारातूनच बोलून जातात, म्हणून असेल.

पुन्हा तेच. "खिडकी, तुझे डोळे आले होते त्या वेळी. बरे झाले का गं?"

मी म्हटलं, "झाले."

छत्तीस वर्षांनी त्यांना तिचे डोळे आठवतात. हे कसं काय आठवतं? आणि नेमकं चेहऱ्यातच का चुकतात? आज सांगायचं असं ठरवून गेले होते. 'सर, मी ती नव्हे. चिठ्ठी माझी होती.' वाक्यं दोनच. दुकानात दिवसभर अनोळखी माणसांना मूळव्याधीपासून सगळं बिनदिक्कत विचारते मी. इथे जीभ टाळ्याला चिकटते.

गोळ्या भरल्या. निघताना चपला घालता घालता चष्मिसची वही गुडघ्यावर ठेवून सही केली.

३० जानेवारी

संघाची सभा. मी ठराव मांडला — जे मधूनच शाळा सोडून गेले, त्यांचीही नावं नोंदवहीत घ्यावीत. आपल्याकडे फक्त दहावी पास झालेल्यांची नोंद. खिडकी आमच्या यादीत नाहीच. आम्ही दरवर्षी संमेलन भरवतो, गहिवरतो, गटाने फोटो काढतो, आणि ती कधी इथे होती याचा कागदही नाही.

घड्याळ अर्ध्या सभेत आला आणि म्हणाला, "अगं खांबा, जे गेले ते का गेले हे पण लिहावं लागेल मग. नको ती लफडी."

ठराव पुढच्या सभेवर ढकलला. मी चिडून घरी आले. मग वाटलं, चिडायचा हक्क तरी आहे का मला?

६ फेब्रुवारी

शाळेच्या जुन्या कारकुनांकडे गेले. निवृत्त झालेत, पण डोकं शाबूत. म्हणाले, "ती मुलगी? अहो, याच गावात आहे की ती. बस थांब्यामागे कपडे अल्टर करून देते. माझ्या सुनेचे सगळे कपडे तिच्याकडेच."

याच गावात! माझ्या दुकानापासून वीस मिनिटं. इतकी वर्षं मी तिला कुठे तरी लांब, सुखात वगैरे कल्पून ठेवली होती. माझ्या सोयीसाठी.

१० फेब्रुवारी

गेले. हात हलवत कसं जायचं म्हणून यांची एक पँट पिशवीत घातली.

लहानसं दुकान. एक मशीन, भिंतीला दोऱ्यांची रिळं रंगवार लावलेली. ती मशीनवर वाकलेली, चष्मा नाकावर. केस माझ्याहून पांढरे. मान वळवण्याची ढब तीच.

"काय करायचंय?"

"पँट... कमी करायचीय."

"किती?"

मला काय माहीत किती! म्हटलं, "दोन इंच."

तिने चिठ्ठी फाडली, टाचणीने पँटला लावली. "नाव?"

मी यांचं नाव सांगितलं. तिने लिहिलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं — गिऱ्हाइकाकडे बघतात तसंच. की नाही? मला खरंच सांगता येत नाही. "गुरुवारी न्या," म्हणाली.

परत येताना रस्ताभर स्वतःला बोल लावत आले. वर पँट चांगली नवी होती!

१३ फेब्रुवारी

पँट आणायला गेले नाही. हे कपाटात शोधतायत. "अगं, ती करडी पँट कुठे गेली माझी?" मी म्हटलं, धुवायला दिलीय.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सरांच्या पायांना सूज आलीय. बोलणं कमी झालंय. चष्मिसने पेपर वाचून दाखवला. हवामानाचा अंदाज वाचला तेव्हा सर म्हणाले, "उद्याचं वाच. आजचं दिसतंय मला." ती खुदकन हसली. मीही. बऱ्याच दिवसांनी त्या खोलीत कुणी हसलं असेल. ताई बाहेरून डोकावून गेल्या.

मी सरांची नखं कापली. त्यांचा हात हातात होता. त्या हाताने आम्हाला वर्तुळं काढून दाखवली, कंपास न घेता, फळ्यावर एका झटक्यात. मला त्यांच्याविषयी खूप माया आहे हे आज कळलं. आधी वाटायचं, नुसती भीती आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज त्यांनी सरळच विचारलं. "तुला काही सांगायचंय का मला?"

खिडकीही म्हणाले नाहीत आज. नुसतं 'तुला'.

मी खुर्ची पुढे ओढली. "सर —" मी म्हणाले. खरंच म्हणाले! पुढचं वाक्य ओठापर्यंत आलं होतं. तेवढ्यात मनात आलं, आजारी माणसाला कशाला त्रास? आता या वयात त्यांना कळलं की भलत्याच मुलीचं वाटोळं केलं, तर त्यांना सोसेल का? केवढा समंजसपणा माझा! छत्तीस वर्षं मला असं एखादं कारण नेहमी वेळेवर सापडत आलंय.

"सर, गोळीची वेळ झाली," म्हटलं.

त्यांनी गोळी घेतली. पाणी प्यायले. 'बरं,' म्हणाले.

२६ फेब्रुवारी

झोप लागली नाही, म्हणून दुकानात दोन चुका. एका बाईंना बालकांचं सिरप दिलं मोठ्या माणसासाठी. नशीब, त्यांनीच लेबल वाचलं.

४ मार्च, मंगळवार

आज सांगायचंच, म्हणून दोन्ही वाक्यं कागदावर लिहून गेले होते. कागद पर्समध्ये.

सर डोळे मिटून पडलेले. श्वास जड. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, कागद काढला, मनात दोनदा वाचला. चष्मिस बाकड्यावर वहीत काही तरी खरडत होती. तिला म्हटलं, जा, ताईंना चहा टाकायला मदत कर. गेली. आता खोलीत आम्ही दोघंच. पाऊण तास.

झोपलेल्या माणसाला काय सांगायचं? उठवावं का? उठवणं बरं दिसेल का? ऐकलंच नाही तर सांगितल्याचा उपयोग काय? सहा वाजले. कागद परत पर्समध्ये. पुढच्या मंगळवारी, म्हटलं. आत जाऊन गोळ्या भरल्या.

दारात चष्मिसने वही पुढे केली. सही केली.

८ मार्च, शनिवार

सर गेले. सकाळी. ताईंचा फोन आला तेव्हा मी दुकानात शटर उघडत होते. कुलूप हातातच राहिलं.

९ मार्च

खूप रडले. हे म्हणाले, "एवढा लळा होता तुला सरांचा? कधी बोलली नाहीस." मी आणखी रडले. मग त्यांनी चहा करून दिला, साखर विसरले.

१२ मार्च

शाळेच्या सभागृहात शोकसभा. घड्याळ वेळेच्या आधी आला होता. पहिल्यांदाच! कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसत होता.

चिटणीस म्हणून मी बोलले. सर बाकावरून मुलांना ओळखायचे, असं सांगितल्यावर सगळे हसले. सर शेवटपर्यंत एकाही विद्यार्थ्याला विसरले नाहीत, असं मी म्हणाले. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण नववीच्या मुलांना कोण सांगणार.

समोर तीनशे माणसं होती. माईक चालू होता. तिथेही नाही बोलले मी.

खाली उतरल्यावर ताईंनी माझे हात धरले. "मंगळवार आला की तो दुपारपासून केस विंचरून घ्यायचा गं," म्हणाल्या. "बाकीच्या वारी नाही." गोळ्यांच्या डबीत चार दिवसांच्या गोळ्या राहिल्यात, त्या टाकून द्या, एवढंच म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

वर्ष संपतंय. नववीच्या सेवावह्यांवर शेवटची सही प्रमुखांनी करायची, मग त्या शाळेच्या दप्तरात जमा. चष्मिस दुकानात येऊन वही ठेवून गेली. म्हणाली, "काकू, शेवटच्या पानावर फक्त. बाकी सगळीकडे तुम्ही केलीयच."

१८ मार्च, मंगळवार

चार वाजता, सवयीने, रिकामी बसले होते. म्हणून वही वाचली. पहिल्यांदाच.

'१४ जानेवारी. आज काय शिकले : काकू आत गेल्यावर मी सरांना सांगितलं की अध्यक्षकाका काकूंना खांब म्हणतात, खिडकी नाही. सर म्हणाले, मला ठाऊक आहे. मी मुद्दाम म्हणतो. एक दिवस ती म्हणेल, सर, मी खिडकी नाही.' खाली माझी सही.

'२१ जानेवारी. सर म्हणाले, पेपर तपासताना चिठ्ठीचं अक्षर ओळखलं होतं. पण तोवर दुसरी मुलगी गेली होती. मग मीही गप्प बसलो. माझी चूक मोठी आहे, कारण मी मोठा होतो. कुणाला सांगू नको म्हणाले.' माझी सही.

'२५ फेब्रुवारी. काकू आत गेल्यावर सर रडले. म्हणाले, आज अगदी जवळ आली होती.' माझी सही.

'४ मार्च. मी चहाला गेले तेव्हा सर जागे होते. नंतर मी विचारलं, डोळे का मिटले? म्हणाले, माझ्याकडे बघत बोलणं तिला जड जात असेल.' माझी सही. ठसठशीत, खाली रेघ ओढलेली.

चष्मिसला फोन केला. कसंबसं विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती गोंधळून म्हणाली, "अहो काकू, तुम्ही दर वेळी सही करत होतात ना. मला वाटलं, वाचताय."

शेवटचं पान कोरं आहे. प्रमुखांच्या सहीच्या जागी मी लिहिलं — सर, मी खिडकी नाही. चिठ्ठी माझी होती. मग माझं पूर्ण नाव.

वही उद्या शाळेत देईन. आता ती करडी पँट आणायला निघालेय.